आधीची संपली का?

माझ्या धाकट्या मामीइतक्या चिकाटीनं एखादी वस्तू संपवणारं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात झालं नाही आणि पुढंही होणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. लोक साबण वापरतात, मामी साबणाचा निकाल लावायची. 'संपलं' हा शब्द आपण किती सैलपणे वापरतो हे मला तिच्या घरी राहायला गेल्यावर कळलं. आपल्या लेखी तोंडाला लावायच्या स्नोची बाटली संपते, तेव्हा मामीच्या लेखी ती जेमतेम कामाला लागलेली असे. बोट तळाला पोचेनासं झालं की ती काडेपेटीतली काडी घ्यायची. काडी हरली की कानकोरणं यायचं. कानकोरणंही कोरडं वर आलं की चमचाभर कोमट पाणी बाटलीत ओतून ती झाकण लावून खुळखुळवायची, आणि त्या दुधट पाण्यानं दोन-तीन दिवस तोंड पुसायची. त्याला ती 'स्नोचं ताक' म्हणायची. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले, तर म्हणाली, "हसायलीस कावून? लोनी खाऊन ताक गटारात वततेत का कुनी?"

आमचं गाव दिंद्रुडच्या पलीकडं. तिथं शाळा दहावीपर्यंत, म्हणून अकरावीला मला धारूरला मामाकडं ठेवलं. मामाचं बाजारपेठेत कटलरीचं दुकान होतं. आमच्याकडं कटलरी म्हणजे काटे-चमचे नव्हेत. टिकल्या, बांगड्या, रिबिनी, चाप, स्नो, पावडर, वासाचं तेल असं बायकांच्या अंगावर चढणारं सगळं जिथं मिळतं ते कटलरीचं दुकान. म्हणजे बघा, नव्या वस्तू विकून पोट भरणाऱ्या घरात, जुनी वस्तू संपल्याशिवाय नवीला हात न लावणारी बाई देवानं सून म्हणून धाडली. मामा-मामीला मूलबाळ नव्हतं. दुकानाच्या मागंच घर होतं, आणि मधल्या भिंतीपलीकडं थोरले मामा आणि थोरली मामी राहायची. मामी सकाळी अंघोळ करून कपाळाला विभूती लावायची, लिंगपूजा उरकायची, विभूतीखाली कुंकू रेखायची, मग आरशासमोर बसून गालाला डाळीएवढा स्नो लावायची, आणि मगच दुकानात येऊन बसायची. हा डाळीएवढा स्नो लावताना मात्र ती वेगळीच दिसायची. डोळे मिटून, हनुवटी वर करून, सावकाश. बाकी सगळा दिवस घाईचा असणाऱ्या त्या बाईचं तेवढं एक काम निवांत चालायचं. बालाघाटावरचा कोरडा वारा गालांची साल काढतो, म्हणून स्नो लावावा लागतो, असं ती सांगायची. मला ते कधीच खरं वाटलं नाही.

तिच्या एकेका गोष्टीचं काय सांगावं! पावडरीचा डबा हलवून आवाज येईनासा झाला की ती खिळ्यानं भोकं मोठी करायची, मग अडकित्त्यानं पत्रा कापून डबा उलगडायची आणि आतून कापसानं पुसून घ्यायची. क्रीमची ट्यूब पोळपाटावर ठेवून लाटण्यानं लाटायची. लाटणं पुसायची म्हणा, पण त्या दिवशीच्या चपात्यांना गुलाबाचा वास यायचा आणि मामा पहिला घास तोंडात घालून म्हणायचे, "आज कुन्या कंपनीची चपाती केलीस?" साबणाच्या झिजलेल्या चकत्या ती वाटीत दाबून त्यांची एक वडी करायची. तिच्यात लिंबू, चंदन आणि कडुनिंब एकत्र नांदायचे. त्या वडीनं अंघोळ करून मी कॉलेजात गेले की शेजारची मुलगी माझ्याकडं वळून वळून बघायची. नखाला लावायच्या रंगाची बाटली तळाला गेली तेव्हा मामीनं पंधरा दिवस फक्त डाव्या हाताची नखं रंगवली. उजव्या हाताचं काय, असं मी विचारलं. "उजवा हात कामाचा हाय," ती म्हणाली. "त्याला नटून कुठं जायचंय?"

हे सगळं तिनं स्वतःपुरतं ठेवलं असतं तर कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण ती गल्ल्यावर बसायची. गिऱ्हाईक आलं, स्नो मागितला, की मामी बाटलीकडं हात न नेता आधी विचारायची, "आधीची संपली का?" आणि गिऱ्हाईक जरा चाचरलं की संपलं. "जा, घरी जाऊन बघ. तळाला आसंल. काडी घालून बघ." बाजारच्या दिवशी डोंगरातल्या वाड्यांवरून बायका यायच्या. त्या बिचाऱ्या पायपीट करून आलेल्या, त्यांना परत पाठवायला तिची जीभ रेटायची नाही. पण त्यांनीही हिचा धसका घेऊन पुढं पुढं रिकामी बाटली पदराला बांधून आणायला सुरुवात केली. रॉकेलला जसा डबा न्यावा तशा धारूरच्या बायका मामाच्या दुकानात रिकाम्या बाटल्या घेऊन यायच्या. मामी बाटली उजेडाला धरून बघायची, आत बोट फिरवायची, आणि मान डोलावली तरच नवी निघायची. एकदा लग्नाच्या बस्त्याला आलेली नवरी नखाच्या रंगाच्या पाच बाटल्या निवडून बसली. मामी म्हणाली, "बाई, हाताला नखं धाच हायत." नवरीच्या आईनं तोंड फिरवलं आणि सगळं वऱ्हाड उठून समोरच्या दुकानात गेलं. मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, तू दुकान चालवायलीस का बंद पाडायलीस?"

तो काळही असा, की मामीसारख्या माणसाची सगळीकडून कोंडी व्हावी. घराघरांत रंगीत टीव्ही येत होते, आणि टीव्हीतल्या गोऱ्यापान मुली दर दहा मिनिटांनी तोंड धुवत होत्या. आजवर स्नो म्हणजे एकच स्नो. आता थंडीचा वेगळा, उन्हाचा वेगळा, रात्रीचा वेगळा, असा चेहऱ्याला पाहुण्यांसारखा राबता सुरू झाला. शाम्पूच्या पुड्यांच्या माळा दुकानाच्या दारावर तोरणासारख्या लटकायला लागल्या. बीडहून मोटारसायकलवर येणारा एजंट दर खेपेला पिशवीतून नवीन डबी काढायचा. एकदा गोरं करणाऱ्या क्रीमची डबी मामीसमोर ठेवून म्हणाला, "काकू, सात दिवसांत गोरेपणाची गॅरंटी." मामीनं डबी उलटसुलट करून पाहिली. "आन समदं गाव सात दिवसांत गोरं झालं, तर आठव्या दिवशी तुमी ही कुनाला विकताव?" एजंट हसला, मामा हसले, मीही हसले. पण मामी खरोखरच उत्तराची वाट बघत होती. तिच्या हिशेबानं वस्तूला शेवट असायला हवा. कधीच पुरेसं होत नाही अशी वस्तू माणसानं घरात आणावी कशाला, हे तिला कळायचं नाही.

मामा वरवर चिडायचे, पण त्यांना तिचं अप्रूप होतं. कुणी पाहुणा आला की "हिला विचारा, हिनं काजळाच्या डबीचं काय केलं," असं म्हणून तिला बोलतं करायचे आणि स्वतः भिंतीला टेकून ऐकत बसायचे. दुकानात एवढा माल, पण आपल्या बायकोला आपल्या हातानं एक बाटली देता येत नाही, याची मात्र त्यांना मनापासून खंत होती. दोनदा त्यांनी तिच्या कोनाड्यात गुपचूप नवी बाटली नेऊन ठेवली. दोन्ही वेळा तिनं ती दुकानात आणून फळीवर लावली आणि विकूनही टाकली. शेवटी मी बारावीला असताना दिवाळीत तिची बाटली खरोखर संपली. काडी झाली, कानकोरणं झालं, ताकही संपलं. पाडव्याच्या दिवशी मामांनी फळीवरून गुलाबी झाकणाची मोठी बाटली काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि तिच्यापुढं धरली. "घे, लाव. कटलरीवाल्याची बायको हायस, कोरडी कावून हिंडतीस?" मामीनं नखानं झाकणाखालचा कागद सोडवला, वास घेतला आणि लाजली. मी तिला लाजताना तेवढंच पाहिलं.

पुढच्याच पंधरवड्यात मामा माल आणायला बीडला गेले आणि स्टँडवर उतरता उतरता त्यांच्या छातीत कळ आली. संध्याकाळच्या गाडीनं माल यायचा, त्याऐवजी जीप आली. आमच्या लिंगायतांत माती देतात. मठातले स्वामी आले, बसवून खांद्यावरून नेलं आणि सगळं झालं. सांगायला इतकंच आहे. मामी रडली नाही असं लोक म्हणत होते, पण ती चुलीपाशी तोंड करून बसायची आणि धूर होत नसतानाही डोळे पुसायची, ते मी पाहत होते.

दिवस झाल्यावर घरात बायका जमल्या. कपाळाचं कुंकू गेलं होतं, विभूती राहिली होती. हातातल्या बांगड्या गेल्या होत्या. थोरली मामी कोनाड्यापाशी उभी राहून एकेक वस्तू खाली काढत होती: कुंकवाची डबी, कुंकवाखाली लावायचं मेण, टिकल्यांचं पाकीट, नखाचा रंग. थोरली मामी वाईट बाई नव्हती. रीत होती, ती करत होती. शेवटी तिनं गुलाबी झाकणाची बाटली उचलली. ती जवळपास भरलेलीच होती. "ही देऊन टाकू कुना लेकीबाळीला," ती म्हणाली. "आता तुला काय करायचीय?"

इतका वेळ मामी मान खाली घालून बसली होती. तिनं वर पाहिलं.

"ती उघडल्याली हाय," ती म्हणाली.

"म्हंजी?"

"उघडल्याली वस्तू म्या कुनाला देत न्हाई आन टाकत बी न्हाई. आख्ख्या गावाला ठावं हाय. तेवढी संपवीन. ती संपली की मंग बंद."

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. विधवा बाईनं स्नो लावायचा म्हणजे काय! "लोकं काय म्हनतेल?" असं कुणीतरी पुटपुटलंही. पण त्या खोलीतल्या प्रत्येकीला मामीनं कधी ना कधी अर्ध्या बाटलीवरून परत पाठवलेलं होतं. हिचा हट्ट प्रत्येकीच्या पदरी आलेला. दुसऱ्या कुणा बाईनं असं म्हटलं असतं तर तिची छी-थू झाली असती. मामीच्या बाबतीत मात्र "जाऊ द्या, तिचं आसंच हाय," म्हणून सगळ्या गप्प बसल्या. थोरल्या मामीनं बाटली परत कोनाड्यात ठेवली. मला त्या क्षणी मामीच्या हुशारीचं इतकं कौतुक वाटलं की उठून तिला मिठी मारावीशी वाटली. पण मग लक्षात आलं, की तिनं चारचौघींत स्वतःला बांधून घेतलं होतं. ही बाटली शेवटची. ती आहे तोवर मामीला रोज सकाळी आरशासमोर बसायची मुभा होती, आणि त्यानंतर नव्हती.

आणि मग, जन्मभर वस्तू संपवत आलेली माझी मामी, ती बाटली पुरवायला लागली. डाळीएवढा स्नो मोहरीएवढा झाला, आणि मग खसखशीएवढा. बोटाच्या टोकाला काही लागलंय की नाही हे बघायला तिला खिडकीशी जावं लागायचं. तेवढ्यात दोन्ही गाल भागवायचे. डोळे मिटून, हनुवटी वर करून, सावकाश. अमावस्येला लावायचा नाही, सोमवारी लावायचा नाही, पाहुणे असले तर लावायचा नाही, असे नवे नवे नेम तिनं स्वतःवर लादून घेतले. पूर्वी बाटली उजेडाला धरून ती गिऱ्हाइकाला किती उरलंय ते दाखवायची. आता बाटली उजेडाला धरायची आणि मला विचारायची, "लई दिसायलीय ना अजून?" मी म्हणायची, "लई हाय मामी." खरं सांगते, तेव्हा मला अभ्यासापेक्षा त्या बाटलीची जास्त काळजी लागलेली असायची.

दुकान थोरल्या मामांनी चालवायला घेतलं होतं, पण कुठल्या खोक्यात काय आहे हे मामीखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं. तेव्हा महिन्या-दोन महिन्यांनी ती पुन्हा दुकानात बसू लागली, गल्ल्यावर नाही तर आतल्या कोपऱ्यात. बायका तिच्याकडून चाप घ्यायच्या, रिबिनी घ्यायच्या. कुंकू आणि बांगड्या मात्र थोरल्या मामीला हाक मारून तिच्या हातून घ्यायच्या. मामी त्या वेळी खोकी लावण्याचं सोंग करायची. आणि जाता जाता एखादी तरी विचारायचीच, "काकू, संपली का हो तुमची?" काहीजणी चेष्टेनं विचारायच्या, काहीजणी काळजीनं, आणि काहीजणी नुसत्याच विचारायच्या, पाऊसपाणी विचारावं तसं. मामी म्हणायची, "हाय अजून." ती स्वतः गिऱ्हाइकांना तो प्रश्न विचारायची बंद झाली होती. जी जे मागेल ते आता मुकाट्यानं काढून द्यायची, आणि दुकान पूर्वीपेक्षा चांगलं चालायला लागलं. मामांना हेच हवं होतं, आणि ते बघायला मामा नव्हते.

पहिला उन्हाळा निघाला. मामीनं बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाखालच्या वाळूत पुरली होती. दुसरा उन्हाळा वाईट गेला. पाणी तीन-तीन दिवसांनी यायचं, माठाखालची वाळूच कोरडी पडली. माझी बारावी होऊन मी धारूरलाच पुढं शिकत होते. एके दुपारी कॉलेजातून आले, तर मामी आरशासमोर बसलेली. हा तिचा वेळ नव्हता. पुढ्यात बाटली उघडी. आत स्नो आक्रसून काचेपासून सुटला होता आणि आटलेल्या तळ्याच्या मातीसारख्या त्याला भेगा गेल्या होत्या. तिनं चमचाभर कोमट पाणी घालून पाहिलेलं दिसत होतं. त्याचं ताकही झालं नव्हतं. नुसत्या गुठळ्या फिरत होत्या आणि आंबूस वास येत होता. वर्षानुवर्षं तळाचा स्नो पाण्यानं सोडवून घेणाऱ्या बाईला यंदा पाण्यानं दगा दिला.

"म्या संपवली न्हाई गं," ती मला म्हणाली. "म्या धड हात बी लावला न्हाई तिला. आपोआप गेली."

तशी ती लहान मुलासारखी रडली. मामा गेले तेव्हा चुलीकडं तोंड करून जे रडायचं राहिलं होतं, ते सगळं त्या दिवशी आलं. मी बाटलीला झाकण लावून शेजारी बसले. तिसऱ्या दिवशी दुकानात कुणीतरी नेहमीसारखं विचारलं, आणि मामी म्हणाली, "संपली." त्यानंतर तिला कुणीच काही विचारलं नाही. तिचे गाल त्या वर्षीच्या थंडीत फुटले. कपाळाला विभूती लावली की तिची भुकटी गालांवर पडून त्या भेगांत बसायची आणि ती आहे त्याहून पंधरा वर्षांनी म्हातारी दिसायची.

पुढं माझं लग्न झालं आणि मी बीडला आले. पहिल्या नागपंचमीला धारूरला गेले ती स्नोची मोठी बाटली घेऊनच. मामी दारातच उभी होती. आत गेल्यावर मी पिशवीतून बाटली काढून तिच्या हातात दिली. तिनं ती घेतली, झाकणावरून अंगठा फिरवला आणि परत माझ्या हातात ठेवली.

"मला नगं, माय. म्या चारचौघींत बोललेलं हाय."

"मामी, आता कोन विचारायलंय?"

"कुनी इचारू न्हाईतर न इचारू. म्या बोललेली हाय." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "तू लाव. नव्या लग्नाची पोर, प्रवासानं तोंड बघ कसं झालंय. लाव, म्या बघते."

मला वाईट वाटलं आणि रागही आला, तिचा, बायकांचा, कुणाचा ते सांगता यायचं नाही. त्याच रागात मी झाकण उघडलं आणि बोटं खुपसून स्नो काढला. चांगला लिंबाएवढा गोळा हातात आला.

"अगं, अगं!" मामी ओरडलीच. "येवढा? तोंड हाय का भित हाय?" तिनं माझं मनगट धरलं. मी तेवढ्यातला थोडा गालाला लावला, तरी तळहातावर केवढा तरी उरला. "परत घालू बाटलीत?" मी विचारलं. "छ्या! काढल्यालं परत घालत न्हाईत. समदी नासती." मग आम्ही दोघीही त्या तळहाताकडं बघत राहिलो. बाटली तिची नव्हती, माझी होती. स्नो तिनं काढलेला नव्हता, मी काढला होता. आणि उरलेलं टाकून द्यायचं, हे तर त्या घरात आजवर कधी घडलं नव्हतं.

"हेचं काय करावं आता?" मामी अगदी बारीक आवाजात म्हणाली.

"वाया जाईल मामी," मी म्हणाले.

तिनं माझ्या तळहातावरून एका बोटानं तो स्नो निपटून घेतला. डोळे मिटले, हनुवटी वर केली. फुटलेल्या गालांवरून तिचं बोट फिरायला लागलं. तेवढ्यात थोरली मामी चहा घेऊन आली. तिनं आम्हां दोघींकडं पाहिलं, कप खाली ठेवले, आणि गल्लीकडचं दार लोटून घेऊन ती तशीच आत निघून गेली.

त्यानंतर मी धारूरला गेले की माझ्या हातून स्नो नेहमीच जास्त निघायचा. मामी दर खेपेला तेवढ्याच कळवळ्यानं रागवायची, "संसार कसा करतीस गं तू, एवढी उधळी," आणि मी ऐकून घ्यायची. निघताना मी बाटली पुन्हा पिशवीत घालायची, कारण ती माझी होती आणि ती मागं ठेवून गेले असते तर मामीनं तिला हात लावला नसता. गाडी घाटाला लागली की तिथून बीडपर्यंत मला तिच्या गालांशिवाय दुसरं काही सुचायचं नाही. पोराबाळांच्या, सासरच्या रगाड्यातून मला वर्षातून दोनदाच धारूरला जायला जमायचं, एक पंचमीला आणि एक दिवाळीला. बाकीचं सगळं वर्ष तिचे गाल कोरडेच राहायचे.